डिजिटल फळ्याची जुळणी

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात जिनसांची नोंद ज्या क्रमाने होत जाते, त्या क्रमातच त्या शाळेचा, आणि बहुधा त्या त्या काळच्या शासनाच्या शिक्षणविषयक कल्पनांचाही, इतिहास साठलेला असतो. आरंभीच्या पिवळ्या पडलेल्या पानांवर टाटपट्ट्या, मुख्याध्यापकांची लाकडी खुर्ची, पितळी घंटा आणि हिंदुस्थानचा कापडी नकाशा. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ साली, केंद्र शासनाने जी खडू-फळा योजना हाती घेतली आणि प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य मिळावे असा जो संकल्प सोडला, त्या योजनेतून आलेल्या साहित्याच्या पेट्या. त्यानंतर दूरदर्शन संच, मग संगणक. आणि अगदी अलीकडच्या पानावर, ठसठशीत कारकुनी अक्षरात, 'प्रोजेक्टर, नग १. इंटरॅक्टिव्ह बोर्ड, नग १'. नोंद झाली, मुख्याध्यापकांची सही झाली, पुरवठादाराचे बिल मंजूर झाले, म्हणजे दप्तराच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले. वर्गाच्या दृष्टीने ते तेथे सुरू व्हावयाचे असते. आणि पुष्कळ ठिकाणी, दुर्दैवाने, सुरूच होत नाही.

सोलापूर शहरातील नावाजलेल्या प्रशालांपासून अक्कलकोटच्या सीमेवरील खेड्यांपर्यंत ह्या फळ्याविषयी पालकांच्या मनात जे कौतुक आहे, त्यात एक समजूत हमखास आढळते: फळ्याच्याच अंगी काही बुद्धी आहे आणि भिंतीवर चढवताच ती प्रकट होते. वस्तुतः भिंतीवरचा तो पांढरा पत्रा स्वतः काहीही दाखवीत नाही. चित्र तयार होते संगणकात; एचडीएमआय केबलमधून ते प्रोजेक्टरकडे जाते; प्रोजेक्टर ते प्रकाशरूपाने फळ्यावर फेकतो; आणि फळ्याचे काम एवढेच, की आपल्या अंगाला बोट अथवा लेखणी नेमकी कोठे लागली, ह्याची वर्दी यूएसबी केबलमधून पुन्हा संगणकाला द्यावी. ती वर्दी मिळताच संगणक त्या जागी रेघ काढतो, ती रेघ प्रोजेक्टरमार्गे फळ्यावर उमटते, आणि पाहणाऱ्याला वाटते की बाईंनी बोटाने फळ्यावर लिहिले. लिहिणारा संगणकच, फळा हा केवळ एक सावध चोपदार. ह्या तिघांचा संवाद एका फेऱ्यात चालतो आणि फेरा कोठेही तुटला तरी सगळाच कारभार ठप्प होतो.

ही गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगणे इतर गावांच्या मानाने सोपे असावे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून मागाचा खडखडाट ह्या गावाच्या कानात आहे. आणि सोलापुरी चादरीवर जी फुले-पाखरे नि भौमितिक नक्षी उमटते, ती ज्या जॅकार्ड यंत्रामुळे, त्या यंत्रावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, हे पूर्वभागातील विणकरांच्या घरच्या पोरालाही ठाऊक असते. पुठ्ठ्यात भोक असेल तेथे एक धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने सिद्ध केलेली हीच युक्ती पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन होलेरिथने भोके पाडलेल्या पत्त्यांवरच माणसे मोजली. तात्पर्य, संगणकाच्या वंशावळीत हातमाग आहे. आणि ज्या गावात ते पुठ्ठे गेली कित्येक दशके फिरत आहेत, त्या गावाने संगणकापुढे बिचकावे, ह्याला तसे कारण नाही.

आता फळ्याला स्पर्श कळतो कसा? ह्याची उत्तरे निरनिराळ्या कारखानदारांनी निरनिराळी दिली आहेत. कॅनडातील कॅल्गरी येथे डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन ह्या दांपत्याच्या कंपनीने १९९१ साली 'स्मार्ट बोर्ड' बाजारात आणला, आणि मालाचे नाव पुढे आपल्याकडे साऱ्या जातीलाच चिकटले. त्या घराण्यातील जुन्या फळ्यांत दोन पातळ पापुद्रे किंचित अंतर राखून ताणलेले असतात; बोटाने दाबताच ते एकमेकांना टेकतात व टेकल्याची जागा विजेच्या अवरोधावरून काढता येते. दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागाखाली तारांचे बारीक जाळे असते आणि त्याला केवळ स्वतःच्या खास लेखणीचीच चाहूल लागते. लेखणी हरवली की फळा मुका. तिसरा, आणि आपल्याकडील शाळांत स्वस्ताईमुळे अधिक रुळलेला, प्रकार अवरक्त किरणांचा. ह्यात फळ्याच्या चौकटीच्या आतल्या कडेला बारीक दिवे आणि त्यांच्या समोरच्या कडेला तितकेच डोळे बसवलेले असतात. अदृश्य किरणांचे उभे-आडवे जाळे फळ्याच्या पृष्ठभागालगत पसरलेले असते, आणि कोणत्याही वस्तूने ते जेथे छेदले जाईल तेथे स्पर्श झाला असे मानले जाते. कोणत्याही वस्तूने, ह्या शब्दांवर भर द्यावयास हवा. बाई वळून मुलांकडे पाहत असता त्यांच्या साडीचा पदर जर चौकटीच्या आत झुकला, तर त्या पदरालाही बोटाचाच मान मिळतो, आणि भागाकाराच्या उदाहरणावरून एक लांबलचक तांबडी रेघ ओढली जाऊन वर्गात हशा पिकतो. पदर खोचून घेणे हा ह्या फळ्यापुढचा पहिला शिष्टाचार होय.

ह्या सगळ्याहून स्वस्त तोडगा अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या जॉनी ली ह्या तरुणाने २००७ च्या सुमारास दाखवला. मुलांच्या 'वी' नामक खेळण्याच्या दूरनियंत्रकात अवरक्त प्रकाश टिपणारा एक चिमुकला कॅमेरा असतो. तो फळ्याकडे रोखून ठेवावयाचा, लेखणीच्या टोकाला अवरक्त दिवा बसवावयाचा, आणि चाळीस-पन्नास डॉलरांत हजारो डॉलरांचे काम भागवावयाचे. हा प्रयोग जगभरच्या हौशी शिक्षकांनी उचलला, ह्याचे कारण त्याची स्वस्ताई हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की, तो प्रत्येकाला स्वतःच्या हाताने जुळवावा लागत असे; आणि हाताने जुळवलेल्या वस्तूची भीती वाटत नाही.

जुळणीचा खरा गाभा ज्या क्रियेत आहे, तिला कॅलिब्रेशन म्हणतात. ती शाळेत प्रत्यक्ष कशी घडते ते पाहू. प्रोजेक्टर छताला अथवा फळ्याच्या माथ्यावरील लोखंडी हाताला टांगलेला आहे. प्रथम त्याला असा सरळ बसवावयाचा, की फळ्यावर पडणारे चित्र कोणत्याही बाजूला निमुळते न होता नेमके आयताकृती पडेल. ते तिरपे पडले तर यंत्रातील कीस्टोन नावाच्या सोयीने सरळ करता येते, परंतु ती सोय म्हणजे चित्राला मुरड घालून त्याची स्पष्टता थोडी खाणे असल्यामुळे, शक्यतो स्क्रू सैल करून यंत्रच हलवणे बरे. नंतर संगणकाचे रिझोल्यूशन प्रोजेक्टरला मानवेल असे ठेवावयाचे. जुने प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चे, शाळेतील लॅपटॉप बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा, आणि ह्या दोघांचे न जमल्यास वर्तुळे अंडाकृती दिसू लागतात, मग भूमितीच्या शिक्षकांनी करावे तरी काय? त्यानंतर निर्मात्याचा ड्रायव्हर संगणकात बसवून फळ्याची यूएसबी केबल जोडावयाची. अलीकडच्या कित्येक फळ्यांना संगणक आपण होऊन ओळखतो हे खरे, तरी सोबत आलेला कागद वाचूनच पुढे जावे हा शिरस्ता सोडू नये.

इतके झाले, की पडद्यावर एका कोपऱ्यात अधिकचे एक चिन्ह उमटते. लेखणीचे टोक त्याच्या ऐन मध्यावर टेकवून क्षणभर थांबावयाचे, चिन्ह दुसऱ्या जागी जाते, तेथेही तसेच, कोठे चार, कोठे नऊ, कोठे त्याहूनही अधिक जागी. ह्या टेकवण्यातून संगणकाला कळते ते असे, की फळ्याच्या हिशेबाने जी जागा अमुक, ती चित्राच्या हिशेबाने तमुक. सपाट पृष्ठभागावरील एका चौकोनाचे दुसऱ्या चौकोनाशी नाते ठरवावयास तत्त्वतः चार बिंदू पुरेसे होतात. अधिकचे बिंदू हाताच्या कंपामुळे होणारी चूक वाटून घेण्यासाठी. गडबडीने, तिरके उभे राहून, चिन्हाच्या मध्याऐवजी कडेला टेकवत गेले, तर रेघ बोटापासून चार बोटे दूर उमटते, आणि वर्गातले सर्वांत खट्याळ पोर "सर, फळा चुकला" असे ओरडते. फळा चुकलेला नसतो. त्याला चुकीचे सांगितलेले असते. शिवाय हे नाते एकदा जुळले म्हणजे जन्माचे जुळले असेही नाही. झाडूवालीचा केरसुणीचा दांडा प्रोजेक्टरला लागला, उन्हाळ्याच्या सुटीत भिंत रंगवताना कोणी तो हलवला, की पुन्हा पहिल्यापासून. काम पाच मिनिटांचे आहे. पण ते पाच मिनिटांचे काम ज्याला ठाऊक नाही त्याच्या शाळेत फळा महिनोन् महिने बंद राहतो, कारण पुरवठादाराचा माणूस पुण्याहून यावयाचा असतो.

दुसरा एक लहानसा खोडा असा, की लॅपटॉपला दुसरा पडदा जोडला म्हणजे तो काही वेळा आपले चित्र दुसऱ्याला देण्याऐवजी आपले अंगणच वाढवून घेतो. मग प्रोजेक्टरवर निळे रिकामे आकाश दिसते, फळ्यावर बोट ठेवले तर बाण हलतो तो लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि शिक्षक घामाघूम होतात. विंडोजची कळ आणि 'पी' ही अक्षरकळ एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडले, की हा ग्रह सुटतो. यूएसबी केबलीच्या लांबीलाही मर्यादा आहे: पाच मीटरच्या पुढे साधी केबल भरवशाची राहत नाही, आणि आपल्याकडे संगणकाचे टेबल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जेथे एकुलता एक विजेचा सॉकेट असतो, तेथे मांडलेले असते. मध्ये सिग्नल उचलून धरणारी रिपीटर केबल घातली तर काम होते. टेबल सरकवले तर फुकटात होते.

सोलापूरच्या हवापाण्याचाही येथे विचार केला पाहिजे, कारण परदेशात छापलेल्या माहितीपुस्तकात तो कोणी केलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या छताखालील वर्गात प्रोजेक्टरचा दिवा आधीच तापलेला, त्यात जाळी धुळीने बुजलेली, मग यंत्र स्वसंरक्षणार्थ आपोआप बंद पडते आणि ते बिघडल्याचा बोभाटा होतो. आठवड्यातून एकदा जाळी काढून झटकावी, आणि दिवा विझवल्यावर आतला पंखा पुरता थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये, एवढ्याने दिव्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन अवरक्त चौकटीच्या डोळ्यांवर पडले तर त्यांना दिवसा तारे दिसू लागतात. खिडकीला गडद पडदा हवा, आणि सोलापुरात चांगल्या जाड कापडाचा दुष्काळ नाही. जिल्ह्यातील काळ्या जमिनीवरच्या इमारतींना उन्हाळा-पावसाळ्यात भेगा जातात हेही ध्यानात ठेवून, फळा अशा भिंतीवर बसवावा जी पुढल्या वर्षी तेथेच असेल. आणि उंची मुलांच्या हाताची धरावी. तिसरीतल्या मुलीला उडी मारून अक्षर गिरवावे लागत असेल, तर फळा साहेबांच्या तपासणीसाठी लावला आहे असे खुशाल समजावे.

ह्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांतून शिकणारी मुले आहेत, आणि फळ्याशी संगणक जुळला तरी संगणकाशी भाषा जुळलेली असतेच असे नाही. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलेले मराठी पाठ दुसऱ्या संगणकावर उघडले, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. शिक्षकाने रात्र जागून केलेली प्रश्नपत्रिका सकाळी कोणालाच वाचता येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र कोठेही तसाच उघडतो, आणि आधुनिक विंडोजमधील निर्मला ह्या एकाच फाँटात देवनागरी, कन्नड व तेलुगू अशा तिन्ही लिप्यांची सोय आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, तेव्हा तेथे लेखनदिशाही बदलून घ्यावी लागते. ज्या फळ्यावर चार लिप्या लीलया उमटू शकतात त्यावर मुलांनी फक्त इंग्रजी बालगीतांचे चलच्चित्र पाहावे, ही मला तरी उधळपट्टी वाटते.

ह्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. त्यांनी यंत्रसामग्रीची वाट पाहिली नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत चिकटवून, पालकांच्या मोबाइलमधून कविता, धडे आणि चलच्चित्रे मुलांपर्यंत पोहोचवण्याची साधी व्यवस्था स्वतः उभी केली. आज महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर जे चौकोनी संकेत छापलेले दिसतात, त्यांची वाट अशा प्रयोगांनी मोकळी केली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरांच्या त्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्याच वेळी सांगितले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा ह्या पाड्यावरची जिल्हा परिषद शाळाही अशीच, संदीप गुंड ह्या शिक्षकाच्या खटपटीने, डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नावाजली आणि दूरदूरचे शिक्षक ती पाहावयास गेले. ह्या दोन्ही ठिकाणी यंत्र आणि वर्ग ह्यांची जुळणी शिक्षकाने केली, पुरवठादाराने नव्हे. माझ्या मते सगळी मेख येथेच आहे.

कारण उलट बाजूचे चित्रही डोळ्यांआड करता येत नाही. रजिस्टरात नोंदलेल्या वस्तूची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते. ती फुटली-तुटली तर खुलासा त्यांनी द्यावयाचा, निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना ती बिनतक्रार दाखवावयाची तीही त्यांनीच. मग शहाणा मुख्याध्यापक काय करतो? लेखणी कपाटात, रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली खिशात. त्याला दोष देणे सोपे आहे, पण दप्तराने त्याला वस्तू जपावयास सांगितले आहे, वापरावयास नव्हे. वापरून झिजलेल्या वस्तूचे निर्लेखन सुलभ करण्याचा एखादा साधा हुकूम निघाला, तर डिजिटल शिक्षणाचे जे काम होईल, ते शंभर प्रशिक्षण-शिबिरांनी होणार नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' जाहीर केले, आणि बाजारात आता प्रोजेक्टरचीच गरज नसलेले, मोठ्या टीव्हीसारखे सपाट स्पर्शपटल आले आहे. त्यात चित्र आणि स्पर्श एकाच काचेत असल्यामुळे कॅलिब्रेशनची कटकट जवळजवळ संपते, ऊन फारसे बाधत नाही, संगणकही आतच बसवलेला असतो. किंमत अर्थात चढी. आणि काच फुटली तर दुरुस्ती बहुधा नव्याच्या घरात. नव्या खरेदीसाठी ते पाहावे. पण ज्या शाळेत प्रोजेक्टर नि फळा आधीच आहे, तिने तो अडगळीत टाकण्याचे कारण नाही.

वीज हा ह्यातला सर्वांत रूक्ष आणि सर्वांत निर्णायक मुद्दा. बिल थकल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार वाचावयास मिळतात, आणि भिंतीवर हजारो रुपयांचा फळा असलेल्या खोलीत मुले खिडकीच्या उजेडात पाटीवर लिहीत बसतात. शिक्षण हक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. तेव्हा ही बाब केवळ सरकारची म्हणून झटकता येणार नाही.

म्हणून यात्रेच्या शिल्लक वर्गणीतून, गिरणीच्या अथवा यंत्रमागाच्या नफ्यातून, किंवा पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेला डिजिटल फळा देऊ इच्छिणाऱ्या सोलापूरकरांना एक विनंती आहे. फळ्याबरोबर निदान एका वर्षाच्या वीजबिलाची तरतूद करून ठेवा. आणि पुरवठादाराचा शेवटचा हप्ता रोखून धरा. त्याच्या माणसाला मागच्या बाकावर बसवा. शाळेतील दोन शिक्षक आणि सातवीतली दोन मुले ह्यांना सगळ्या केबली काढून पुन्हा जोडू द्या, अधिकच्या चिन्हांवर लेखणी टेकवून जुळणी करू द्या. रेघ बोटाखाली उमटली, तरच पावतीवर सही करा.